पाच नळ्यांमधून गेलेलं औषध

१

सोमवारी साडेअकराला साहेबांनी वॉर्डच्या मधोमध उभं राहून सिस्टरला चोर म्हटलं. वीस पलंगांनी ते ऐकलं. मीही ऐकलं. माझ्या हातात बेडपॅन होतं, ते खाली ठेवायचंही मला सुचलं नाही.

साहेब म्हणजे आमच्या रुग्णालयाचे प्रमुख, पाठीमागे सगळे त्यांना नियमसाहेब म्हणतात. दिसेल त्या भिंतीवर ते सूचना चिकटवतात आणि खाली स्वतःची सही करतात. त्या दिवशी त्यांच्या हातात बाहेरच्या प्रयोगशाळेचे सात रिपोर्ट होते. रक्तात औषध किती आहे हे मोजायचं यंत्र आमच्याकडे नाही. प्रयोगशाळेची गाडी सोमवारी आणि गुरुवारी सकाळी येते, रक्ताच्या नळ्या नेते आणि तयार झालेले रिपोर्ट देऊन जाते.

"जेंटामायसिन," साहेब म्हणाले. "सात जणांना चालू आहे. सातही जणांना तुम्हीच लावता. दोघांच्या रक्तात पूर्ण औषध आणि पाच जणांच्या रक्तात पाव. उरलेलं कुठे जातं, सिस्टर?"

"रुग्णाच्या अंगात जातं, साहेब."

"दोघांच्या जातं. कारण ते दोघं स्पेशल खोलीत आहेत, त्यांच्या मागे विचारणारी माणसं आहेत. या गरिबांना कोण विचारतंय?"

छोटे डॉक्टर बाजूला मान खाली घालून उभे होते. पोरगा चांगला, पण साहेबांपुढे त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. सकाळी रिपोर्ट बघून त्यांनी सहा नंबरच्या रुग्णाचा डोस वाढवून लिहिला होता, आणि सिस्टरने तो कागद परत केला होता. पूर्ण डोस जातोय, उद्यापासून वाढवलेली सुई मी देणार नाही, असं तोंडावर सांगून. साहेबांना तेवढं पुरेसं होतं. जी बाई औषध द्यायला नकार देते ती ते पळवतेच, असा त्यांचा हिशोब.

त्यांनी टाइप केलेला कागद पुढे केला. चोरी कबूल, राजीनामा, खाली सहीची जागा. "शुक्रवारी पाचला चौकशी. त्याआधी सही झाली तर प्रकरण इथेच मिटवतो. नाहीतर पोलीस."

सिस्टरने पेनाला टोपण लावलं आणि पेन त्यांच्या हातात दिलं.

"चोरी केलेली नाही, म्हणून सही करणार नाही. घरीही जाणार नाही. वॉर्डात येऊ देत नसाल तर बाहेरच्या बाकावर बसेन. माझ्या ड्युटीच्या वेळेत, याच कपड्यांत."

आणि ती खरंच जाऊन बसली.

मी मागून गेले. "अगं, निदान चार दिवस घरी तरी थांब. लोक बघतायत."

"बघू देत, मावशी. माझी लेक पुढच्या महिन्यात नर्सिंगला जातेय. पहिल्या दिवशी तिला विचारतील, तू त्या चोर बाईची मुलगी का? मी घरी बसले, तर तिने काय उत्तर द्यायचं?"

 याचं उत्तर ज्यांच्याकडे असेल, त्यांचं घर मला माहीत होतं.

२

मोठ्या बाई आमच्या जुन्या मेट्रन. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली. फोनची घंटा त्यांना ऐकू येत नाही, म्हणून मी रिक्षा करून गेले.

विशीत त्यांना क्षय झाला होता. तीन महिने रोज स्ट्रेप्टोमायसिनची सुई. जीव वाचला, कान गेले. समोरच्याच्या ओठांवरून त्या बोलणं समजून घेतात, आणि तरी सगळ्यांना सगळं दोनदा सांगायला लावतात. लोकांना वाटतं कानांमुळे. मला त्यांनी एकदा खरं कारण सांगितलं होतं. "खरं बोलणारा दुसऱ्यांदा वैतागतो आणि थोडक्यात सांगतो. खोटं बोलणारा दुसऱ्यांदा सजवून सांगतो."

माझं ऐकून त्यांनी चप्पल पायात घातली.

"बाई, साहेब तुम्हाला आत येऊ देतील?"

"नर्सची चौकशी असेल तर समितीत नर्सिंगचा एक माणूस लागतो, असा नियम आहे. त्यांच्यासमोर नियम म्हटलं की झालं."

तसंच झालं. साहेबांनी तोंड वाकडं केलं, पण नियमापुढे ते काय बोलणार? एक वाजता बाई बाकावर सिस्टरच्या शेजारी बसल्या.

"दिलंस?"

"दिलं."

"काय म्हणालीस?"

"दिलं, बाई. पूर्ण दिलं. किती वेळा सांगू?" सिस्टर वैतागली.

बाई माझ्याकडे बघून हसल्या आणि उठल्या. मग दारात थांबून त्यांनी मागे वळून विचारलं, "त्या पाच जणांना जेंटामायसिनबरोबर आणखी काय चालू आहे?"

"पेनिसिलिनच्या कुळातलं दुसरं इंजेक्शन. पण वेगळ्या बाटलीतून, वेगळ्या वेळी. मधे नळी धुऊन घेते. तुम्हीच शिकवलंत की."

"आणि स्पेशलवाल्या दोघांना?"

"त्यांना मूत्रपिंडाचा संसर्ग आहे. एकटं जेंटामायसिन."

बाईंच्या कपाळावर आठी पडली. त्या सरळ औषधभांडाराकडे निघाल्या.

३

भांडाराचा माणूस म्हणजे किल्लीवाला. कमरेला किल्ल्यांचा एवढा जुडगा की तो येण्याआधी त्याचा आवाज येतो.

"रिकामी कुपी परत आल्याशिवाय मी भरलेली देत नाही," तो म्हणाला.

"काय म्हणालात?"

"रिकामी आल्याशिवाय भरलेली देत नाही. म्हणजे असं बघा बाई, मी इतका कडक आहे की एकदा साहेबांनाही परत पाठवलं होतं, पावसात, छत्री नव्हती त्यांच्याकडे..."

मी बाईंकडे डोळे मोठे करून बघितलं. हा तर सजवत होता!

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "यानेच कुप्यांत पाणी भरलं असणार."

"त्याने छत्री सजवली गं, कुपी नाही. आणि असं बघ. कुप्यांत पाणी असतं तर स्पेशलवाल्यांच्या रक्तात पूर्ण औषध कुठून आलं? सगळ्यांना एकाच खोक्यातल्या कुप्या जातात."

"म्हणजे किल्लीवाला सुटला."

"किल्लीवाला सुटला. आणि तुझी सिस्टर आणखी अडकली."

 ते खरं होतं. कुपीत औषध पूर्ण आणि रक्तात पाव असेल, तर मधे फक्त एक माणूस उरत होता.

४

सहा नंबरच्या पलंगावर इंजिनदादा. गाड्या दुरुस्त करायचा धंदा. बॉनेट न उघडता, नुसता आवाज ऐकून दोष सांगतो अशी त्याची ख्याती. हृदयाच्या झडपेवर जंतू बसल्यामुळे तो तीन आठवड्यांपूर्वी फणफणत आला होता. आता ताप उतरला होता आणि जीभ सुटली होती.

"माझाच व्हॉल्व्ह बिघडला, बाई. आयुष्यभर दुसऱ्यांचे बदलले."

"झोप लागते का?"

"कुठली झोप? चार दिवस झाले, कानात रातकिडे ओरडतायत. बायकोला म्हटलं खिडकी लाव. ती म्हणते, खिडकी लावलेलीच आहे."

शेजारी बसलेली त्याची बायको म्हणाली, "माझं बोलणं ऐकू येत नाही म्हणतात. ते मात्र लग्नापासूनचं आहे."

इंजिनदादा हसला. बाई हसल्या नाहीत. पलंगाच्या कडेला हात टेकून त्या खाली बसल्या.

"मलाही आधी रातकिडेच ऐकू आले होते," त्या म्हणाल्या. मग छोट्या डॉक्टरांना हाक मारली. "डॉक्टर, याचं जेंटामायसिन आजपासून बंद करा. वाढवायचं तर सोडाच. आणि मला सांगा, सुईतून नुसतं पाणी गेलं असतं तर कान वाजले असते का?"

डॉक्टरांनी मान हलवली. "नाही. पण बाई, साहेब म्हणतात ताप दुसऱ्या औषधाने उतरला असेल."

"ताप उतरला असेल. कान कशाने वाजले?"

डॉक्टरांनी केसपेपर ओढून जेंटामायसिनवर काट मारली.

इंजिनदादा म्हणाला, "मला कोणी नीट सांगेल का, हे औषध करतं तरी काय?"

"जंतूच्या आत एक कारखाना असतो," बाई म्हणाल्या. "प्रथिनं जोडायचा. हे औषध त्या कारखान्यात शिरतं आणि चुकीचे भाग जोडायला लावतं."

"म्हणजे बोल्टच्या जागी खिळा."

"अगदी बरोबर. खिळ्यांवर गाडी किती चालणार? जंतू मरतो. पण तुझ्या झडपेवरच्या जंतूची भिंत जाड आहे, हे औषध एकटं आत घुसत नाही. म्हणून पेनिसिलिनवालं. ते भिंत पाडतं आणि हे आत जातं. गिळून याचा उपयोग नाही, पोटातून ते रक्तात उतरत नाही. सुईच लागते. रक्तात भिनलेला संसर्ग असो, मूत्रपिंडाचा असो, माझ्या वेळचा क्षय असो, हे कूळ मोठं कामाचं. फक्त आपलं काम झालं की जाताना मूत्रपिंडाला आणि कानाला दुखवू शकतं, म्हणून रक्तात मोजून द्यायचं." त्या डॉक्टरांकडे वळल्या. "आज याचं रक्त काढलं?"

"काढलं. दहा वाजता सिस्टरने दिलेला डोस साडेदहाला संपला, अकराला मी रक्त घेतलं."

"म्हणजे तिच्या हातचा शेवटचा डोस. ती नळी कुठे आहे?"

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. कारण नळ्या ठेवायचं काम माझं.

५

मी त्यांना मागच्या खोलीत नेलं. निर्जंतुक करायचं यंत्र तिथे दिवसभर धुमसत असतं. त्याच्या वरच्या फळीवर लाकडी स्टँड आणि स्टँडमध्ये नळी.

बाईंनी फळीवर हात ठेवला आणि झटकन उचलला. "इथे कधीपासून ठेवतेस?"

"तीन आठवडे झाले असतील. आधी फ्रीजमध्ये ठेवायचो. मग तपासणी झाली." मी फ्रीजकडे बोट दाखवलं. दारावर सूचना होती: औषधांच्या फ्रीजमध्ये औषधांव्यतिरिक्त काहीही ठेवू नये. खाली साहेबांची सही.

"आणि गाडी येईपर्यंत नळ्या इथेच?"

"हो. आज काढलेली गुरुवारी जाणार."

बाईंनी डोळे मिटले. मला वाटलं चक्कर आली. मग त्या म्हणाल्या, "डॉक्टर, या गोठलेल्या रक्तावर पिवळं पाणी सुटलंय. ते काढून दोन नळ्यांत निम्मं निम्मं भरा. दोन्हींवर नाव, वेळ आणि तुमची सही. एक इथेच फळीवर राहील. दुसरी मावशी आत्ता घेऊन जाईल, बर्फातून."

"उष्णतेमुळे औषध नासलं म्हणता?" डॉक्टरांनी मान हलवली. "बाई, मीही हा विचार केला. पण स्पेशलवाल्यांच्या नळ्या याच स्टँडमध्ये होत्या. त्याच फळीवर, तितकेच दिवस. त्यांचं औषध जसंच्या तसं राहिलं."

 आता कुठे आशेचा किरण दिसत होता, तो पोराने विझवला.

बाईंनी त्याच्या खांद्यावर थाप मारली. "हुशार आहात. हाच प्रश्न शुक्रवारी मोठ्याने विचारा. साहेबांसमोर."

मी थर्मासमध्ये बर्फ भरला, नळी पिशवीत गुंडाळून आत ठेवली आणि बस पकडली. शेजारच्या म्हाताऱ्याने थर्मासकडे तीनदा बघितलं आणि म्हणाला, "बाई, घोटभर चहा मिळेल का?"

"हा चहा तुम्हाला सोसायचा नाही, काका," मी म्हटलं.

प्रयोगशाळेच्या खिडकीवरच्या मुलीने नळी घेतली, वेळ लिहिली, लगेच शीतपेटीत टाकली. मी तिला विचारलं, "आमच्या नळ्या तुमच्याकडे येतात तेव्हा कशा असतात?"

"कोमट," ती म्हणाली. "आम्ही दोनदा लिहून कळवलंय. तुमच्याकडे कोणी वाचत नाही का?"

६

चार दिवस सिस्टर बाकावर बसली. इस्त्रीचे कपडे, केस घट्ट बांधलेले. येणारे जाणारे कुजबुजायचे. बुधवारी साहेब स्वतः बाहेर आले. "कशाला तमाशा करता? सही करा आणि सुटा."

"तमाशा तुम्ही वीस पलंगांपुढे केलात, साहेब. मी नुसती बसलेय."

शुक्रवारी पाचला साहेबांच्या खोलीत सगळे जमलो, किल्लीवालासुद्धा. टेबलावर पाकिटं दोन. दुसरी नळी गुरुवारच्या गाडीने गेली होती, तिचाही रिपोर्ट बाईंनी मुद्दाम माणूस पाठवून मागवला होता.

डॉक्टरांनी पाकिटं फोडली. त्यांनी मोठ्याने वाचलं. "बर्फातून गेलेली नळी: औषध पूर्ण. फळीवर तीन दिवस राहिलेली नळी: पाव."

"एकाच माणसाचं, एकाच वेळी काढलेलं रक्त," बाई म्हणाल्या. "नळीतून औषध चोरायला सिस्टर बाकावरून उठून आली होती का?"

साहेब सावरून बसले. "म्हणजे उष्णतेने नासलं. ठीक आहे. मग स्पेशल खोलीतल्या दोन नळ्या का नासल्या नाहीत?"

"मीही तेच विचारणार होतो," डॉक्टर म्हणाले. पहिल्यांदाच ते साहेबांकडे न बघता बोलले.

बाईंनी सिस्टरला विचारलं, "जेंटामायसिन आणि पेनिसिलिनवालं, दोन्ही एका बाटलीत का घालत नाहीस? दोनदा धावपळ कशाला?"

"एका बाटलीत घातलं तर पेनिसिलिन त्याला निकामी करतं. शिकतानाच पाठ करून घेतात."

"अंगात का नाही करत?"

"अंगात दोन्ही पातळ होतात, आणि काही तासांत मूत्रपिंडं बाहेर टाकतात. भांडायला वेळ मिळत नाही. मूत्रपिंडं बंद पडलेल्या माणसात मात्र..." सिस्टर थांबली. तिचा हात तोंडाकडे गेला. "बाई! नळीला मूत्रपिंडं नसतात."

"नसतात," बाई म्हणाल्या. "इंजिनदादाच्या रक्तात दोन्ही औषधं होती. ती एका बाटलीत घालायची नाहीत हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पण रक्त काढून नळीत घातलं की तीही एक बंद बाटलीच होते, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. नळी फ्रीजमध्ये असती तर हे भांडण फार मंद चाललं असतं. तापलेल्या यंत्रावर तीन दिवस ठेवली. पेनिसिलिनने सावकाश पाऊण औषध खाल्लं. स्पेशलवाल्या दोघांना पेनिसिलिन नव्हतंच. त्यांच्या नळीत खाणारा कोणी नव्हता. पाच आणि दोन, साहेब. तुम्हाला त्यात गरीब आणि श्रीमंत दिसले. मला औषधांची जोडी दिसली."



"आणि त्या पाव आकड्यावर विश्वास ठेवून मंगळवारी डोस वाढला असता," बाई पुढे म्हणाल्या, "तर आवाजावर पोट भरणारा तो माणूस माझ्यासारखा लोकांचे ओठ बघत बसला असता. हिने कागद परत केला म्हणून वाचला."

७

साहेब हुशार माणूस. घाम पुसायलाही त्यांना वेळ लागला नाही. चेहरा गोड करून ते माझ्याकडे वळले.

"म्हणजे चूक मावशीची. नळ्या तिने तिथे ठेवल्या. तिला ताकीद देऊ. सिस्टर, तुम्ही उद्यापासून रुजू व्हा. झालं गेलं विसरून जाऊ."

 नोकरीची तीन वर्षं उरली होती माझी. मी काही बोलायच्या आत सिस्टर उठली.

"मावशीने तुमची सूचना पाळली. सही तुमची आहे. तिला ताकिदीचा कागद दिलात तर तिच्या बाजूने पहिला जबाब मी देईन."

"बरं, बरं. ताकीद नाही. मग झालं?"

"नाही झालं. लिहा."

"काय लिहू?"

"मी सांगते."

साहेबांनी बाईंकडे बघितलं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. किल्लीवाल्याकडे बघितलं. तो किल्ल्या मोजत होता. शेवटी त्यांनी पेन उघडलं.

"गैरसमजातून..." ते स्वतःच लिहायला लागले.

"गैरसमज नाही. खोटा आरोप. आधीचा शब्द खोडा."

त्यांनी खोडलं.

"खोटा आरोप मी केला. औषध पूर्ण दिलं गेलं होतं. नळ्या उष्ण जागी ठेवल्याने रिपोर्ट चुकला, आणि ती जागा माझ्या आदेशामुळे ठरली. खाली तारीख. आता सही."

सही झाली. साहेब उठले. "नोटीस बोर्डावर लावतो."

"बोर्ड कोण वाचतं, साहेब? चोर म्हणालात तेव्हा बोर्डावर लावलं नव्हतं. जिथे म्हणालात तिथे चला."

मला वाटलं आता मात्र ते बिथरणार. मानेपर्यंत लाल झाले होते. पण त्यांच्या मागे छोटे डॉक्टर दार उघडून उभे राहिले होते. दाराची कडी हातात धरून. साहेब त्यांच्याकडे बघत राहिले, आणि मग चालायला लागले.

वॉर्डच्या मधोमध उभं राहून त्यांनी कागद वाचला. वीस पलंगांनी ऐकलं. इंजिनदादा उशीला टेकून बसला होता. त्याची बायको उभी राहिली. 'खोटा आरोप' या शब्दांशी साहेबांचा आवाज खाली गेला, तशी सिस्टर म्हणाली, "तेवढं नीट." त्यांनी ते नीट वाचलं. टाळ्या वगैरे कोणी वाजवल्या नाहीत. एका पलंगावरची म्हातारी नुसती म्हणाली, "हं, आता बरोबर."

सिस्टरने कागद घेतला, घडी करून खिशात ठेवला. लेकीला दाखवायला असणार. मग ट्रेमधून थर्मामीटर उचलून झटकला.

साहेब अजून तिथेच उभे होते, एक नंबरच्या पलंगाकडे जायच्या वाटेत.

"जरा बाजूला व्हा, साहेब," ती म्हणाली. "सहा वाजले. ताप बघायचाय."